बंदुकीसाठी कुलूपबंद चोरकप्पा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घराणं सुतारांचं, काम कुडाळ तालुक्यात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली घरं पुष्कळ. रानडुक्कर, गवा, माकडं यांच्यापायी भात, केळी, नारळ राखायला आजोबांच्या काळापासून एकनळी नाहीतर ठासणीची बंदूक घरात असते. पूर्वी ती माजघरात खुंटीला टांगलेली असायची. आता घरं बदलली, मुलं-नातवंडं सुट्टीपुरती येतात, आणि लोक विचारतात, ‘पलंगात नाहीतर कपाटात असा कप्पा करून द्याल का, की बंदूक कुणाला दिसणार नाही?’ करून देतो. पण काम घेण्याआधी जे बोलणं होतं, ते दरवेळी जवळजवळ सारखंच असतं. म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे.

एकदा नीट लपवली की कुलूप कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच होते.

मी पहिला चोरकप्पा केला तो दिवाणाच्या उशाकडच्या फळीमागे. बाहेरून सांधा दिसत नव्हता, आतून चुंबकाने उघडणारी खिटी होती. काम झालं त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. मे महिन्यात मुंबईहून त्या घरी नातवंडं आली. दहा वर्षांच्या नातवाने जुन्या स्पीकरमधला चुंबक काढला होता आणि तो घरभर कुठे कुठे चिकटतो हे बघत फिरत होता. उशाकडे आल्यावर आत ‘टक्’ असा आवाज झाला आणि फळी उघडली. बंदूक रिकामी होती, काडतुसं दुसरीकडे होती, म्हणून काही झालं नाही. घरमालकांनी मला बोलावून फळी दाखवली, रागाचा एक शब्द काढला नाही. मी ती फळी त्याच दिवशी काढून आणली. त्यानंतर लोखंडी पेटी आणि किल्लीचं कुलूप नसलेला एकही कप्पा मी केलेला नाही.

२००६ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात बंदूक असलेल्या आईवडिलांना आणि त्यांच्या मुलांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले होते. ‘बंदूक कुठे असते ते आमच्या मुलांना माहीत नाही’ असं ज्या पालकांनी सांगितलं, त्यांच्यापैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी जागा बरोबर ठाऊक असल्याचं सांगितलं. ‘मुलाने कधी हात लावलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांच्या मुलांनी हात लावल्याचं कबूल केलं. मुलं घर आपल्यापेक्षा बारकाईने बघतात. त्यांची उंची पलंगाखाली, कपाटाच्या तळाशी, पायपट्टीशी असते, आणि आपण नेमके तिथेच कप्पे करतो.

तेव्हा कुलूप आधी. लपवणं त्याच्या वर, जास्तीचं.

असा कप्पा करून घेणं कायद्यात बसतं का?

परवाना असेल तर बसतं. शस्त्र कायदा १९५९चा आणि सध्याचे शस्त्र नियम २०१६चे आहेत. परवान्यासाठी अर्ज करताना हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी लेखी द्यावी लागते. ती हमी कशात पाळायची, पलंगात की पोलादी कपाटात, हा तुमचा प्रश्न. मात्र परवान्याच्या किंवा नियमांच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कप्पा चोरांपासून आणि मुलांपासून लपलेला असावा. पोलीस तपासणीला आले तर हत्यार ताबडतोब काढून दाखवता आलं पाहिजे. हत्यार चोरीला गेलं किंवा हरवलं तर लगेच ठाण्यात कळवायचं असतं, आणि त्यासाठी ते जागेवर आहे की नाही हे तुम्हाला माहीत हवं. चार-चार महिने न उघडलेल्या कप्प्यात बंदूक आहे असं तुम्ही नुसतं धरून चाललेले असता.

२०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. तीन बंदुकांच्या मापाचा कप्पा मागणारे अजून येतात, म्हणून हे सांगितलं. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

परवाना दाखवावा लागतो का?

हो. मूळ परवाना बघतो, त्यावरचं हत्याराचं वर्णन आणि तुम्ही दिलेलं माप जुळतं का पाहतो, आणि मगच फळीला हात लावतो. ओळखीचे असलात तरी. गाडीत, टेम्पोत, बोटीत कप्पा करून मागणाऱ्याला आम्ही चहा देतो आणि नाही म्हणतो.

कुठल्या फर्निचरमध्ये हा कप्पा चांगला बसतो?

लांब बंदुकीसाठी पलंग उत्तम. सव्वासहा फुटांच्या पलंगात अख्खी बंदूक आडवी बसते आणि वर गादी, गादीवर माणूस. पण साधा बॉक्स पलंग, ज्याची फळी उचलली की गोधड्या निघतात, त्यात नुसती खालच्या बाजूला फळी ठोकून भागत नाही. उशाकडचा किंवा भिंतीकडचा पट्टा वेगळा काढायचा, त्यात पोलादी पेटी बसवायची, आणि तिचं दार गोधड्यांच्या खणातून न उघडता स्वतंत्र उघडेल असं ठेवायचं.

दुसरी जागा कपाटाची खोटी पाठ. भिंतीतल्या कपाटाची खोली सहसा २४ इंच असते. त्यातले सहा इंच पाठीमागे घेतले तर एकनळी बंदूक उभी राहते. तोटा एकच. बाहेरून २४ आणि फळीची जाडी वजा जाता आतून साधारण १७ इंच, हा फरक जाणत्या माणसाला हात घालताच कळतो. म्हणून पुढच्या भागात कपडे टांगायची दांडी न देता फळ्या द्यायच्या, म्हणजे खोलीचा अंदाज लागत नाही.

रिव्हॉल्व्हरसाठी कपाटाच्या पायपट्टीमागचा चार इंचांचा खण लोक मागतात. मला तो आवडत नाही. फरशी पुसताना पाणी तिथेच जातं, आणि रांगणारं मूलही तिथेच पोचतं. त्यापेक्षा छातीच्या उंचीवरचा कप्पा बरा.

ओटीवरचं बाकडं, झोपाळा, देवघर या जागा मी करत नाही. ओटीवर दिवसभर माणसांची ये-जा असते. देवघराच्या खाली बंदूक ठेवायला कुणी सांगितलं, तर आमच्या घरातला म्हातारा माणूस अजूनही कान धरतो, आणि मला ते बरोबर वाटतं. चुलीजवळची भिंतही नको.

माप कसं द्यायचं?

बंदूक घेऊन आमच्याकडे येऊ नका. घरी, रिकामी असल्याची खात्री करून, टेपने मोजा आणि आकडे सांगा. बारा बोअरची एकनळी साधारण ४६ ते ४८ इंच भरते. दुनळी मधे मोडते. नळ्या आणि दस्ता वेगळे करून ठेवलेत तर ३४-३५ इंचांची पेटी पुरते, आणि सुटी ठेवलेली बंदूक कुणाच्या हाती लागली तरी लगेच चालत नाही. ठासणीची मात्र सहज सुटत नाही आणि काही तर ५० इंचांच्या वर जातात. त्यात जुन्या ठासणीच्या दोन बंदुका सारख्या कधीच नसतात, म्हणून ‘शेजाऱ्यांच्या मापाचीच करा’ असं सांगू नका.

लांबीत दोन इंच आणि रुंदीत एक इंच मोकळं सोडतो. घोडा कशाला टेकता कामा नये.

आतली पेटी कशाची असते?

तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, कडा आतून वेल्डिंग केलेल्या. सोळा गेजचा पत्रा स्वस्त पडतो, पण तो जेमतेम १.६ मिलिमीटर असतो आणि पहारीने वाकतो. दार चौकटीच्या आत बसलेलं हवं, म्हणजे फटीत पटाशी घालायला जागा मिळत नाही. बिजागरी आतून. बाहेरून दिसणारी बिजागरी असेल तर चोर कुलपाकडे बघतसुद्धा नाही, बिजागरीचा खिळा काढतो. कुलूप लिव्हरचं आणि दाराला वर, खाली, बाजूला अशा तीन दिशांना बोल्ट.

लाकूड याच्यावर फक्त पांघरूण. अठरा मिलिमीटरचा प्लाय कितीही चांगला असला, आयएस ७१० या मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन असला, तरी करवतीपुढे तो दोन मिनिटंही टिकत नाही. ‘सागवानाचं जाड दार करा, पत्रा कशाला’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. स्वतः सुतार असून सांगतो.

आमच्या भिंती चिऱ्याच्या आहेत. पेटी भिंतीत धरेल ना?

नुसत्या अँकर बोल्टवर नाही. अँकर भोकात फुगून धरतो आणि जांभा चिरा मऊ, भोकाळ. आवळताना धरल्यासारखा वाटतो, पण पहारीचा एक हिसका बसला की भोकातून चुरा सांडतो. चिऱ्याला आरपार बोल्ट टाकून पलीकडे मोठी पट्टी लावायची, किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटून बसणारा, वापरायचा. खाली काँक्रीटची जमीन किंवा बीम असेल तर तिथे धरणं सगळ्यात चांगलं. बोल्ट नेहमी पेटीच्या आतून आवळायचे. न बांधलेली पेटी असेल तर दोन माणसं ती तशीच उचलून नेतात आणि पुढे सावकाश फोडतात.

चुंबकाचं, अंगठ्याचं, नंबराचं कुलूप लावलं तर?

चुंबकाची गोष्ट वर सांगितली. बाहेरची फळी जागेवर राहावी म्हणून चुंबक ठीक आहे, कुलूप म्हणून नाही.

अंगठ्याचं कुलूप शहरात चालत असेल. आमच्याकडे रेशन दुकानातल्या यंत्रावर किती जणांचा अंगठा लागत नाही ते बघा. नांगर, कोयता, चिखल, चुना यात बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. नंबराच्या कुलपाला बॅटरी लागते, ती पावसाळ्यात दगा देते, आणि नंबर बहुतेक जण जन्मसाल नाहीतर गाडीचा ठेवतात, जो नातवंडांना पाठ असतो. किल्लीचं कुलूप साधं आहे, पण जुलैच्या रात्री वीज गेलेली असतानाही उघडतं.

किल्ली कुठे ठेवायची?

परवानाधारकाच्या अंगावर. करगोट्याला बांधा, जानव्याला अडकवा, साखळीत घाला, कसंही. कॅलेंडरच्या मागे, देवाच्या फोटोमागे, तांदळाच्या डब्यात, घड्याळावर या चार जागा चोर पहिल्यांदा बघतो. दुसरी किल्ली घरात नको. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

रात्री डुकरं आली तर एवढं उघडायला वेळ कुठे असतो?

हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. भात पोटरीला आलेलं असताना एका रात्रीत डुकरं वर्षाची मेहनत लोळवतात, हे मी माझ्या घरी बघितलं आहे. पण हिशेब करून बघा. बाहेरची फळी सरकवायला दोन-तीन सेकंद, किल्लीला पाच-सात. अंगात शर्ट घालायला आणि बॅटरी शोधायला याच्याहून जास्त वेळ जातो. मळ्यावर पोचायला तर आणखी. त्या दहा सेकंदांसाठी भरलेली बंदूक दाराआड ठेवणं मला मान्य नाही. अंधारात उघडायचं असतं म्हणून कुलपाचं भोक हाताला लागेल अशी खाच मी फळीत ठेवतो.

काडतुसं आणि दारू त्याच पेटीत ठेवली तर चालेल?

नको. काडतुसांना वेगळा, वेगळ्या किल्लीचा खण, शक्यतो दुसऱ्या खोलीत. बंदूक ठेवताना दर वेळी नळी उघडून बोट घालून बघायचं, ‘कालच रिकामी केली’ या आठवणीवर जायचं नाही.

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू हा वेगळा विषय. ती घट्ट बंद पोलादी पेटीत कधीच ठेवू नये. मोकळ्यात पेटली तर भडकते, पोलादात कोंडलेली पेटली तर पेटीच फुटते. आणि दारू पेटवायला ठिणगी पाडणाऱ्या टोप्या दारूच्या शेजारी नकोत.

पावसाळ्यात गंज धरतो. कप्पा बंद असला तर आणखी धरणार नाही का?

धरेल, जर कप्पा चुकीचा केला असेल तर. चोरांनी जेवढ्या बंदुका नेल्या नसतील तेवढ्या आमच्याकडे गंजाने खाल्ल्या आहेत, असं मला वाटतं. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त, शिवाय समुद्राची खारी हवा.

पेटी बाहेरच्या भिंतीला चिकटवायची नाही. एक इंच मागे हवा खेळू द्यायची, म्हणजे बोल्ट जिथे येतात तिथे पेटी आणि भिंत यांच्यामध्ये लोखंडी नळीचे तुकडे घालायचे. तळ जमिनीपासून चार इंच वर. आतून रेड ऑक्साइड आणि वर रंग, किंवा पावडर कोटिंग.

पॉलिश, रंग, डिंक यांचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान पंधरा दिवस, दार उघडं ठेवायचं. फटी बुजवायला जे सिलिकॉन मिळतं, त्यातलं व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं अजिबात वापरू नये. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि बंद पेटीत ते सरळ नळीवर बसतं. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्यायचं. हे मला एका ग्राहकाच्या बंदुकीवर तांबूस ठिपके आल्यावर कळलं. त्यांच्या नळीची साफसफाई मी माझ्या खर्चाने करून दिली.

चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत घालून बंदूक ठेवू नका. पिशवी ओल धरते, चामड्यात कमावण्याचे क्षार असतात. जाड मखमलही तशीच. टेकू हवे तिथेच छोटे रबराचे तुकडे पुरतात. पेटीत सिलिका जेलची पाव किलोची पुरचुंडी टाका, रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळीवरून तेलाचा बोळा फिरवा. उभी ठेवत असाल तर नळीचं तोंड खाली करा, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात मुरून ते कुजवत नाही.

लाकूड कुठलं घ्यावं?

बाहेरून सागवान किंवा फणस. फणसाचं लाकूड वर्षागणिक गडद होत जातं आणि सांधे झाकतं, चोरकप्प्याला ते फार छान. पण पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडातून आंबट वाफ सुटते आणि लाकूड वाळताना आक्रसून नेमकी ती फट उघडी पाडतं, जी आपण लपवली होती. खैर, ऐन यांच्यात टॅनिन भरपूर, ते लोखंडाला लागून ठेवू नये, काळे डाग पडतात. घरचं झाड तोडून आणणार असाल तर तोडीची परवानगी आधी घ्या.

वाळवीचं काय?

जो कप्पा कुणी उघडत नाही, अंधारा आहे, भिंतीला लागून आहे, तो वाळवीला आंदण दिल्यासारखाच. मागच्या फळीला औषध मारून देतो. तरी महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन मागे बघा.

तुम्हाला आणि तुमच्या माणसांना जागा माहीत असणारच. मग लपवून उपयोग काय?

रास्त शंका आहे. मला माहीत असतं, वेल्डरला माहीत असतं, पॉलिशवाल्याला माहीत असतं. म्हणून काम संपल्यावर शेवटचं कुलूप तुम्ही स्वतः बाजारातून आणा आणि जागा दाखवली की स्वतःच्या हाताने बसवा. चार स्क्रू असतात. त्याची किल्ली माझ्या हातात कधीच येत नाही, आणि मला तेच हवं असतं. आम्ही कप्प्याचे फोटो काढत नाही. तुम्हीही नव्या पलंगाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकू नका. गणपतीत घरात चाळीस माणसं येतात, ‘बघा काय केलंय’ म्हणून एकाला उघडून दाखवलंत की वाडीभर झालं.

निवडणुकीत बंदूक जमा करायला लागते. तेव्हा?

आदेश आला तर जमा करा आणि पावती जपून ठेवा. परत आणल्यावर आधी पुसून, तेल लावून मगच पेटीत घाला. ठाण्याच्या कोठीतून आलेली ओल सरळ कप्प्यात जाते.

घरातलं कुणी मनाने खचलं असेल तर कुलूप पुरेसं आहे का?

नाही. घरातलं माणूस फार खचलं असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, किंवा दारूच्या नादात भांडणं वाढली असतील, तर बंदूक काही दिवस घरात नकोच. ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवायला द्या. माणूस परवानाधारक स्वतः असेल तर हे अवघड जातं, पण घरच्यांनी ठाण्यात जाऊन सांगावं, त्यात कमीपणा नाही. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

परवानाधारक वारला आणि कप्पा कुणाला माहीतच नसला तर?

असं घडतं. पलंग विकायला काढला की पेटी सापडते, तीही दहा वर्षांनी. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नाही. माणूस गेला की ते हत्यार घरात ठेवण्याचा हक्क संपतो. वारसांनी उशीर न करता ते ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं आणि मग हवं असल्यास आपल्या नावाने अर्ज करायचा. म्हणून बायको, मुलगा, सून, कुणी एक जाणतं माणूस असं ठेवा, ज्याला कप्पा कुठे आहे ते माहीत असेल. किल्ली द्यायची नाही, जागा सांगायची. परवान्याच्या झेरॉक्सबरोबर एक चिठ्ठी लॉकरमध्ये ठेवली तरी चालेल.

हयातीत नावावर करून देण्याचीही सोय आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल, तेव्हा वारसाला अर्ज करता येतो.

अमेरिकेतल्या मुलाने अशा फळीचा फोटो पाठवला आहे, भिंतीवरची फळी खाली झुलते आणि आत पिस्तूल. तशी कराल?

तिकडे असं फर्निचर तयार मिळतं, भिंतीवरच्या फळ्या, आरसे, टेबलं, आणि त्यातली पुष्कळशी चुंबकावर उघडणारी. ठेवण्याचे कायदे तिथे राज्याराज्यांत वेगळे आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये हत्यार अंगावर किंवा ताब्यात नसेल तर ते कुलपात किंवा घोड्याच्या कुलपासह ठेवावंच लागतं, नुसती लपवणारी फळी तिथे चालणार नाही. ब्रिटनमध्ये शॉटगनसाठी बीएस ७५५८ या मानकाची पोलादी कपाटं वापरतात. मुलाला त्याच्या राज्याचा नियम बघायला सांगा. इथे तशी फळी मागितलीत, तर मी आत पोलादी पेटी आणि किल्ली घालूनच देईन, आणि मग ती झुलणार नाही, जड होईल.

आजोबांचा शिसवी पेटारा आहे, त्यातच कप्पा काढता येईल?

येईल, पण पेटारा कापू देणार नाही. अशा जुन्या पेटाऱ्यांत दागिन्यांसाठी मूळचाच चोरकप्पा असतो, तळाच्या फळीखाली नाहीतर झाकणात. तो आधी शोधू. तो बंदुकीला पुरत नाही, काडतुसांना पुरू शकतो. पेटाऱ्याच्या तळात वेगळी पोलादी पेटी बसवून ती खालून जमिनीत धरायची, म्हणजे पेटाऱ्याच्या बाजूंना एकही खिळा लागत नाही आणि तळाला बोल्टांपुरती चार भोकं पडतात. पेटारा घेऊन येऊ नका, मीच येऊन बघेन. परवाना काढून ठेवा.